तारूच्या रानातले पाहुणे

अभयारण्यात जाणाऱ्या माणसाला आज आपण 'पर्यटक' म्हणतो. हा शब्द इतका अंगवळणी पडला आहे की त्यामागे दीडशे वर्षांची घडामोड आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. रानात माणसे पूर्वीही जात होतीच. पण ती कोण होती आणि कशासाठी जात होती, याचे उत्तर कालखंडागणिक बदलत गेले. या बदलाचा मागोवा घेण्यासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाइतके योग्य ठिकाण आम्हांला दुसरे दिसत नाही.

ताडोबा हे मुळात देवाचे नाव. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झालेल्या झुंजीत मरण पावला आणि तळ्याकाठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे झाले, अशी गोंड समाजाची परंपरा सांगते. पौष महिन्यात तेथे जत्रा भरत असे. म्हणजे या रानाचा जुना पाहुणा हा यात्रेकरू होता. वाघाने मारलेल्या आपल्या पूर्वजापुढे माथा टेकण्यासाठी तो येई. वाटेत वाघ दिसावा ही त्याची इच्छा खासच नसणार. दिसू नये, हीच प्रार्थना असणार.

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि त्याबरोबर चांदा जिल्हाही इंग्रजांकडे गेला. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. त्यानंतर जो पाहुणा आला त्याच्या हाती बंदूक आणि खिशात टिपणवही होती. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ याचे मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरील पुस्तक १८७१ साली प्रसिद्ध झाले. त्यात शिकार, भूगोल, वनस्पती आणि आदिवासींचे जीवन ही सारी एकाच दृष्टीने न्याहाळलेली दिसतात. ती दृष्टी मोजणाऱ्याची आहे. १८७८ च्या वनकायद्याने 'राखीव जंगल' ही कल्पना पक्की केली आणि रानातल्या रहिवाशाचा पिढीजात वावर हा हक्क न राहता सवलत ठरू लागला. पाहुणा मालक झाला आणि घरधनी पाहुणा, असे या स्थित्यंतराचे वर्णन केल्यास ते वावगे ठरू नये.

शिकाऱ्यांची सद्दीही फार काळ टिकली नाही. ताडोबा परिसरात १९३५ मध्ये शिकारीला बंदी आली आणि १९५५ मध्ये सुमारे ११६ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. चांदा जिल्हा त्या वेळी मध्यप्रदेशात होता. महाराष्ट्रातील हे सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान अशा रीतीने महाराष्ट्र राज्याहूनही पाच वर्षांनी वडील आहे. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७३ चा व्याघ्रप्रकल्प, १९८६ चे अंधारी अभयारण्य असे टप्पे येत गेले. ताडोबा आणि अंधारी मिळून सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा व्याघ्रप्रकल्प नव्वदीच्या दशकात अस्तित्वात आला.

या प्रवासात मराठी साहित्याने स्वतःचा असा एक पाहुणा घडवला, हे येथे नमूद केले पाहिजे. व्यंकटेश माडगूळकर एके काळी शिकारी होते. 'नागझिरा' लिहिणारे माडगूळकर मात्र रानात मुक्काम करतात, पायी हिंडतात, वाट पाहत बसतात आणि चित्रे काढतात. मारुती चितमपल्ली यांची गोष्ट याहून वेगळी. वनाधिकारी म्हणून त्यांचे आयुष्यच रानात गेले. पण ते आदिवासींकडे शिष्यभावाने गेले. पाखरांची, झाडांची, सवयींची नावे त्यांनी रानातल्या माणसांकडून टिपून घेतली आणि 'काकागार', 'सारंगागार' यांसारखे शब्द मराठीत रुजवले. २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्या निवडीने रानातल्या शब्दकळेचाही सन्मान झाला, असे आम्ही मानतो. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले.

काही वर्षांपूर्वी आम्ही एम.ए.च्या विद्यार्थ्यांना ताडोब्यात नेले होते. सकाळच्या फेरीत वाघ दिसला नाही. मुले हिरमुसली. समोरून येणाऱ्या प्रत्येक जिप्सीतून एकच प्रश्न येई, 'साइटिंग झालं का?' हा शब्द आता मराठीच झाला आहे. एका विस्तीर्ण कुरणापाशी आमच्या तरुण वाटाड्याने गाडी थांबवायला सांगितली. सर्वांनी कॅमेरे सरसावले. त्याने कडेच्या एका मोहाच्या झाडाकडे बोट दाखवले आणि म्हणाला, "सर, ह्या झाडामागं आमचं घर होतं." क्षणभर कोणीच काही बोलले नाही. मग गाडी पुढे निघाली.

बोटेझरी आणि कोळसा गावातील काही कुटुंबे यांचे पुनर्वसन २००७ मध्ये झाले. पुढील काही वर्षांत नवेगाव (रामदेगी) आणि जामणी ही गावेही उठली. रिकाम्या झालेल्या शेतांची कुरणे झाली, कुरणांत हरणे आली आणि हरणांमागे वाघ. याचा केवळ शोक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. शाळा, दवाखाना, रस्ता यांवाचून आणि पिकांच्या नासाडीला तोंड देत राहणे किती कठीण होते, हे आमच्या वाटाड्यानेच आम्हांला सांगितले. पर्यटनामुळे आपल्याला रोजगार मिळाला, हेही त्याने सांगितले. २०१२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभाक्षेत्रातील पर्यटन काही काळ थांबवले आणि ऑक्टोबरमध्ये ते नियमांसह पुन्हा सुरू झाले. त्या अवधीत अशा तरुणांची चूल कशावर अवलंबून आहे, तेही उघड झाले होते.

तरीही एक प्रश्न उरतोच. ज्यांनी या रानातल्या ओढ्यांना, पाणवठ्यांना, टेकड्यांना नावे दिली, ती माणसे बाहेर आली. नावे मात्र नकाशावर आत राहिली. त्या नावांमागच्या कथा आणखी एका पिढीनंतर कोण सांगणार? वाघ मोजता येतात आणि ते वाढल्याचा आनंद आम्हांलाही आहे. शब्दांची अशी गणना कोणी करत नाही. चितमपल्लींनी जे एकट्याने केले, ते आता मराठी विभागांनी मिळून करण्याजोगे आहे. पुनर्वसित गावांत जाऊन, वृद्धांपाशी बसून, त्यांचे रान त्यांच्या शब्दांत उतरवून घेणे यासाठी ना प्रवेशपत्र लागते, ना जिप्सी.

त्या सहलीवरून परतताना एका विद्यार्थिनीच्या वहीत त्या मोहाच्या झाडाखालच्या गावाचे नाव लिहिलेले आम्ही पाहिले. सहलीत काहीच दिसले नाही, असे म्हणणाऱ्यांना आम्ही त्या पानाची आठवण करून देतो.