सापुताऱ्याच्या वाटेवरची स्ट्रॉबेरी

नाशिकहून दिंडोरी आणि वणी ओलांडून गाडी सापुताऱ्याकडे निघाली की द्राक्षबागा हळूहळू मागे पडतात आणि डोंगर जवळ येतात. बोरगाव, घागबारी, हतगड ही सुरगाणा तालुक्यातली गावं या रस्त्यावर आणि त्याच्या आसपास आहेत. हिवाळ्यात इथे रस्त्याच्या कडेला बांबू आणि कापडाचे मांडव उभे राहतात. त्यांत टोपल्यांमधून आणि छोट्या खोक्यांतून स्ट्रॉबेरी मांडलेली असते. नाशिककर शनिवार-रविवारी सापुताऱ्याला जाताना थांबतात, गुजरातेतून आलेल्या गाड्या परतताना थांबतात. फळ बहुतेक वेळा त्याच सकाळी तोडलेलं असतं, आणि शेत मांडवामागच्या उतारावरच दिसतं.

महाराष्ट्रात स्ट्रॉबेरी म्हटलं की महाबळेश्वर हेच नाव आधी तोंडावर येतं, आणि त्यात वावगं काही नाही. तिथल्या फळाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण सुरगाण्याची स्ट्रॉबेरी ही त्याची धाकटी नक्कल नव्हे. तिला स्वतःचा इतिहास आहे. तो समजून घ्यायचा तर या फळाचा एक हट्ट आधी ध्यानात घ्यावा लागतो: स्ट्रॉबेरीला अंतर सोसत नाही. आंबा आढीत पिकतो, केळं माडीवर पिकतं. स्ट्रॉबेरी मात्र देठावरून सुटली की तिचं पिकणं तिथेच थांबतं. पुढे लाली थोडी गडद होईल, अंग मऊ पडेल, पण गोडी वाढत नाही. त्यामुळे ज्या व्यापाऱ्याला फळ लांब न्यायचं असतं तो ते थोडं आधी तोडायला लावतो, आणि ग्राहकाला मिळते ती दिसायला लाल, चवीला फिकी स्ट्रॉबेरी.

गंमत म्हणजे अंतराला इतकी नाजूक असलेली ही वनस्पती स्वतः अर्धं जग फिरून आलेली आहे. अमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए नावाच्या फ्रेंच लष्करी अभियंत्याला चिलीच्या किनाऱ्यावरच्या स्पॅनिश किल्ल्यांची टेहळणी करायला पाठवलं होतं. १७१४ साली तो परतला तेव्हा त्याच्याबरोबर तिथल्या मोठ्या फळाच्या स्ट्रॉबेरीची पाच जिवंत रोपं होती. महिनोन् महिन्यांच्या समुद्रप्रवासात गोड्या पाण्याचा तुटवडा असताना ती जगवलेली. पण ती सगळी मादी निघाली, नुसती फोफावली, फळ धरेना. पुढे ब्रिटनी प्रांतात उत्तर अमेरिकेतून आलेल्या व्हर्जिनिया स्ट्रॉबेरीच्या शेजारी लावल्यावर परागीकरण झालं आणि दोन्हींचा संकर जन्माला आला. आंत्वान निकोला द्यूशेन या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६६ मध्ये हे नातं उलगडून दाखवलं. आज बाजारात दिसणारी लागवडीची स्ट्रॉबेरी त्याच संकराची वंशज.

हिंदुस्थानात ती इंग्रजांच्या मागोमाग आली आणि थंड हवेच्या ठिकाणी रुजली. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात, १८२८-२९ च्या सुमारास, महाबळेश्वरी माल्कम पेठ वसली. साहेबांच्या जेवणासाठी विलायती भाज्या तिथेच पिकू लागल्या. त्यांत तिथल्या तुरुंगातल्या चिनी कैद्यांच्या मळ्यांचाही वाटा होता. साहेब गेले, त्यांच्या जागी पर्यटक आले, पण व्यवहाराची तऱ्हा तीच राहिली: फळ गिऱ्हाइकाकडे जात नव्हतं, गिऱ्हाईकच डोंगर चढून फळापाशी येत होतं. जे खपत नसे त्याचं करायचं काय, या प्रश्नाला जॅम आणि सरबत हे उत्तर मिळालं. पाचगणीत १९५९ साली किशोर व्होरा यांनी सुरू केलेला मॅप्रोचा उद्योग हे त्यातलं सर्वांना ठाऊक असलेलं नाव.

नंतर जाती बदलल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९८३ मध्ये काढलेली चांडलर, फ्लोरिडातली १९९२ ची स्वीट चार्ली, मग घट्ट अंगाची कॅमारोसा, लवकर येणारी विंटर डॉन. शेतकऱ्यांच्या तोंडी तिचं नुसतं ‘विंटर’ झालं. गादीवाफे, ठिबक आणि मल्चिंग पेपर आल्यावर उत्पन्न वाढलं, फळ मातीला टेकेनासं झालं. आणि मग हे पीक महाबळेश्वरच्या बाहेर पडलं.

सुरगाण्यात ते पोचलं ते गेल्या दीड-दोन दशकांत. हा आदिवासी तालुका. कोकणा, महादेव कोळी, वारली समाजाची वस्ती. पावसाळी शेतीत भात, नागली, वरई, खुरासणी. पाऊस धो धो पडतो, पण नार, पार, अंबिका या नद्या पश्चिमेकडे उतरून गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यात बायकांच्या डोक्यावर हंडे येतात. भात-नागली घरात आली की दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं मुलाबाळांसह दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला जात. आजही जातात. नाशिकच्या द्राक्षाचं जे कौतुक होतं त्यात या माणसांच्या हातांचा हिशेब फारसा कुणी मांडत नाही. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंतची विरळणी, घड द्रावणात बुडवण्याचं डिपिंग, खुडणी ही सगळी कामं याच हातांनी होतात.

स्ट्रॉबेरीचं वेळापत्रक नेमकं याच महिन्यांवर येऊन बसतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात लागवड, डिसेंबरात पहिली तोडणी, मार्चपर्यंत फळ. म्हणजे ज्या महिन्यांत गाव रिकामं होत असे त्याच महिन्यांत घरच्या वावरात रोज काम निघालं. ठिबकची नळी, फवारणीचं प्रमाण, मालाची प्रतवारी या गोष्टी अनेकांच्या हाताखालून बागांमध्ये आधीच गेलेल्या होत्या. दुसऱ्याच्या मळ्यात कमावलेलं हे कसब आता काही गुंठ्यांच्या स्वतःच्या तुकड्यावर वापरता आलं. या फळाने साऱ्या तालुक्याचं स्थलांतर थांबवलं असं म्हणणं चूक ठरेल. पाणी असलेल्या मोजक्या गावांतच ते शक्य झालं आहे. पण ज्या घरात ते झालं तिथली मुलं हिवाळ्यात गावच्या शाळेत बसतात, आणि या पिकाची खरी कमाई मोजायची तर हीही धरायला हवी.

तोडणी पहाटेच्या गारव्यात सुरू होते. बहुधा बायाच असतात. वाफ्यात वाकून पानं बाजूला सारायची, फळाला शक्यतो न दाबता त्यावरचा देठ अंगठा आणि तर्जनीच्या नखात धरून खुडायचा, हिरवी टोपी फळावरच राहू द्यायची. मोठं फळ एका खोक्यात, मध्यम दुसऱ्यात, चिरडलेलं किंवा पक्ष्याने टोचलेलं वेगळं. उन्हं चढण्याआधी तोडणी उरकावी लागते, कारण तापलेलं फळ संध्याकाळपर्यंत पाणी सोडतं. ढगाळ हवा आणि अवकाळी पाऊस म्हणजे करड्या बुरशीला आमंत्रण. एका सडक्या फळाने अख्खं खोकं जातं.

विकत घेणाऱ्यालाही त्यामुळे थोडं शहाणपण लागतं. खोकं उचलून आधी तळ पाहावा. तिथे लाल डाग किंवा ओल असेल तर खालचा थर चेपलेला आहे. टोपीची पानं ताजी, हिरवी असावीत आणि लाली टोपीपर्यंत पोचलेली असावी. खांद्याशी पांढरी राहिलेली स्ट्रॉबेरी घरी नेऊन गोड होणार नाही. आकारावर जाऊ नये. मध्यम फळाला अनेकदा जास्त चव असते, आणि नाकाशी धरल्यावर वास आला नाही तर जिभेलाही फार काही मिळत नाही. सापुताऱ्याच्या रस्त्यावर हे सगळं तपासून घेता येतं, शहरातल्या प्लास्टिकच्या बंद डब्यात ते जमत नाही.

घरी आणल्यावर लगेच धुवायची नाही, ही गोष्ट नाशिकच्या स्वयंपाकघरांत अजून पुरती रुजलेली नाही. भाजी आणली की धुऊन ठेवायची सवय असते. पण ओल्या स्ट्रॉबेरीला रात्रीतून बुरशी धरते. दुखावलेली फळं आधी वेचून खाऊन टाकावीत, उरलेली पसरट डब्यात कागदावर एका थरात मांडून फ्रिजमध्ये ठेवावीत आणि दोन-तीन दिवसांत संपवावीत. धुवायची ती खाण्याच्या वेळी, टोपीसकट. टोपी आधी काढली तर आत पाणी शिरतं आणि चव पातळ होते. खाण्याआधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवली तर थंडीने दबलेला सुगंध मोकळा होतो. नुसती खावी हे उत्तम. आंबट लागली तर फोडींवर साखर भुरभुरून अर्धा तास ठेवावी, सुटलेला रस चक्क्यात किंवा सायीच्या दह्यात कालवावा. मीठ-तिखट लावून खाणारेही कमी नाहीत, आणि किंचित कच्च्या फळाला ते शोभतंही.

फेब्रुवारी सरता सरता उन्हाचा चटका वाढतो. फळ बारीक होतं, भाव उतरतो. जवळपास मोठी शीतगृहं आणि गर काढणारे कारखाने पुरेसे असते तर या बारक्या मालालाही बरा दाम मिळाला असता. महाबळेश्वर-पाचगणीला मिळालेलं ते पाठबळ सुरगाण्याला अजून त्या प्रमाणात लाभलेलं नाही. तोवर हा माल उचलायचा तो घरोघरच्या पातेल्यांनीच. मार्चमध्ये त्या वाटेने जाणाऱ्यांनी बारकं, गडद लाल फळ किलोने घ्यावं आणि घरी जॅम करावा. किलोला साधारण अर्धा-पाऊण किलो साखर, एका लिंबाचा रस, मंद आच. सुरुवातीला फेस येईल तो काढत राहावं, आणि गार बशीवर टाकलेला थेंब ओघळेनासा झाला की गॅस बंद करावा.