टाळाचा नाद आणि मुद्रणाची मर्यादा : सीडी व तीपुढील ध्वनिमुद्रणे यांचा खानदेशाच्या संदर्भात विचार

जळगाव जिल्ह्याच्या पूर्व टोकास वसलेले मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद, हे दोन कारणांनी अभ्यासकाच्या परिचयाचे आहे. मुक्ताबाईंचे समाधिस्थान ह्या परिसरात असून आषाढी वारीसाठी येथून निघणारी त्यांची पालखी बुलढाणा, जालना, बीड असा दूरचा पल्ला चालून पंढरपुरास पोहोचते. हे पहिले कारण. दुसरे असे की, खानदेशी, लेवा आणि वऱ्हाडी या बोलींच्या सीमा ह्याच पट्ट्यात एकमेकींत मिसळतात. टाळाचा नाद आणि बोलीचा उच्चार अशा दोन कसोट्या येथे एकत्र सापडत असल्यामुळे, गेल्या पंचवीस वर्षांत रसिकांमध्ये वारंवार निघालेल्या एका वादाचा निवाडा करण्यास हे स्थळ सोयीचे ठरते. घरी बसून ऐकणाऱ्यास १९८२ साली बाजारात आलेली सीडी पुरेशी आहे, की तिच्यापुढे गेलेल्या हाय-रेझोल्यूशन मुद्रणांत काही वेगळे ऐकू येते, असा तो वाद होय.

वादाचे मूळ समजण्यासाठी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात खानदेशीचा विचार मराठीच्या खंडात नव्हे, तर १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या भिल्ल भाषांच्या खंडात झाला. ही वर्गवारी पुढे बरीच वादग्रस्त ठरली. तो वाद ज्या पुराव्यावर चालला तो पुरावा कागदावरचा होता : उधळ्या पुत्राच्या बायबलमधील कथेची बोलींतून केलेली भाषांतरे आणि त्यांचे लिप्यंतर. उच्चाराचा प्रत्यक्ष पुरावा हवा म्हणून ह्याच सर्वेक्षणाच्या अनुषंगाने १९१३ ते १९२९ या काळात ग्रामोफोनच्या तबकड्याही तयार करण्यात आल्या. ९७ भाषा व बोली आणि २४२ नमुने असा त्या संग्रहाचा व्याप आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही घटना मोठी असली, तरी तबकडीची श्रवणशक्ती तोकडी होती. १९२५ पूर्वीच्या यांत्रिक मुद्रणात गाणारा किंवा बोलणारा कर्ण्यासमोर उभा राही आणि त्याच्या आवाजाच्या जोरानेच सुई कोरीत जाई. ह्या पद्धतीत दर सेकंदास सुमारे २,५०० आवर्तनांच्या वरचे बहुतेक सर्व गळून जात असे.

ही गळती कोणत्या वर्णांना भोवली हे पाहणे उद्बोधक आहे. लेवा बोलीत व तिच्या आसपास 'ळ' चा 'य' होतो. 'काळा' चा 'काया', 'डोळा' चा 'डोया'. ह्या दोन वर्णांतील भेद ज्या अनुनादांवर अवलंबून असतो ते मुख्यतः ३,००० आवर्तनांच्या आतबाहेर असल्यामुळे जुन्या तबकडीतही तो बऱ्याच अंशी हाती लागतो. उलट संख्यावाचक 'चार' मधील तालव्य 'च' आणि गुरांच्या 'चारा' मधील दंततालव्य 'च' यांना वेगळे करणारे घर्षण, तसेच 'स' आणि 'श' यांचे अंतर, हे बरेचसे ३,००० ते १०,००० आवर्तनांच्या पट्ट्यात असते. लिपी हा 'च' चा भेद दाखवीत नाही, आणि यांत्रिक तबकडीही तो जवळजवळ दाखवीत नव्हती. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कविता १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या, त्या मुलाने व आप्तांनी ऐकून लिहून ठेवल्यामुळे. त्या लेखनात 'ळ' चा 'य' स्पष्ट उतरला आहे. 'च' चे दोन उच्चार मात्र वाचकाने आपल्या कानावरून पुरवावयाचे आहेत.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येईल. विद्युत्-मुद्रणाने मर्यादा ५,००० च्या आसपास नेली, १९४८ च्या लाँग-प्ले तबकडीने ती १५,००० पर्यंत वाढविली. १९६३ साली फिलिप्सने काढलेली कॅसेट ध्वनिगुणात तिच्या मागेच होती, परंतु १९८० च्या दशकात तिने गावोगावची भजने, भारुडे आणि अहिराणी गाणी प्रथमच स्वस्तात घरोघर पोहोचविली. खानदेशाच्या ध्वनि-इतिहासात सीडीपेक्षा कॅसेटचे स्थान मोठे आहे, असेच म्हणावे लागेल. तिची फितीची खसखस हा त्या इतिहासाचाच भाग होय.

सीडीने आवाज अंकांत मांडला. दर सेकंदास ४४,१०० वेळा ध्वनीचे माप घ्यावयाचे आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहावयाचे, असा तिचा नियम. ४४,१०० हा आकडा कानाच्या शास्त्रातून जितका आला तितकाच व्हिडिओ-फितीच्या सोयीतून आला. अंकीय ध्वनी साठविण्यास त्या वेळी व्हिडिओयंत्रेच उपलब्ध होती. एका ओळीत ३ मापे, २४५ ओळी आणि सेकंदास ६० क्षेत्रे यांचा गुणाकार ४४,१०० होतो, आणि युरोपीय पद्धतीच्या २९४ ओळी व ५० क्षेत्रे घेतल्यासही तोच येतो. मापांच्या निम्म्या आवर्तनापर्यंतचा ध्वनी त्यांतून संपूर्ण परत मिळतो, हा सिद्धान्त शॅनन यांनी १९४९ साली मांडलेला आहे. दोन मापांमध्ये आवाज तुटतो किंवा पायऱ्यापायऱ्यांचा होतो ही समजूत त्यामुळे निराधार आहे. तरुण, निरोगी कानाची सीमा सुमारे २०,००० आवर्तने, आणि वयाबरोबर ती खाली येते. सीडीची सीमा २२,०५०. मराठीतील कोणताही अर्थभेदक उच्चार हिच्या बाहेर राहात नाही.

तथापि टाळ बाहेर राहतो, आणि येथे प्रतिपक्षाचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे. जेम्स बॉइक यांनी १९९७ साली केलेल्या मोजमापांत झांजेच्या आघातातील सुमारे ४० टक्के शक्ती २०,००० आवर्तनांच्या वर आढळली. झांज पातळ व मोठी, वारकऱ्याचा टाळ जाड व लहान, हे खरे. पण दोन्ही कांस्यधातूच्या आघातनादाच्याच जातीतले. ओहाशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली बालीतील गॅमेलान ह्या कांस्यवाद्यवृंदाच्या मुद्रणावर प्रयोग करून असे मांडले की, न ऐकू येणारा हा वरचा भाग ऐकू येणाऱ्याबरोबर वाजविल्यास मेंदूच्या लहरींवर परिणाम होतो. हा निष्कर्ष सर्वमान्य झालेला नाही. तरीही एखाद्या भजनी मंडळाच्या मुद्रणात सेकंदास ९६,००० मापे आणि २४ बिट घेतल्यास ह्या नादाचा अधिक भाग कागदोपत्री शिल्लक राहतो, हे नाकारता येत नाही.

तो ऐकू येतो काय, हा प्रश्न मात्र निराळा आहे. मेयर आणि मोरन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत श्रेष्ठ प्रतीची मुद्रणे एकदा जशीच्या तशी आणि एकदा सीडीच्या मापातून गाळून ऐकविण्यात आली. ५५४ वेळांपैकी २७६ वेळा श्रोत्यांनी बरोबर ओळखले. नाणे उडविले असते तरी सुमारे तितकेच जमले असते. जोशुआ रीस यांनी २०१६ साली १८ प्रयोगांचा, १२,५०० हून अधिक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. त्यात यशाचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले, आणि शिकविलेल्या कानांत ते बरेच अधिक आढळले. म्हणजे भेद शून्य नाही. पण कान तयार करून, शांत खोलीत, लक्ष एकवटून शोधावा लागेल इतका तो सूक्ष्म आहे.

मेयर-मोरन यांच्या लेखातील दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे वाटते. श्रेष्ठ प्रतीच्या म्हणून विकल्या गेलेल्या अनेक तबकड्या खरोखरच अधिक चांगल्या वाजत. परंतु सीडीच्या मापातून गाळल्यावरही तितक्याच चांगल्या वाजत. कारण त्या अधिक काळजीने तयार केलेल्या होत्या. १९९० नंतर पुष्कळ सीडी मोठ्याने वाजाव्यात म्हणून लहानमोठ्या आवाजांतील अंतर दाबून सपाट करण्यात येत. १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबेलांचे अंतर मावते. ते वापरलेच नाही, तर २४ बिटांचे १४४ काय कामाचे? उलटही घडते. जुन्या मर्यादित मूळ मुद्रणावरून मोठ्या मापाची प्रत काढली, की वरचा सगळा पट्टा रिकामाच राहतो. एका तासाचे सीडी-ध्वनिमुद्रण सुमारे ६३५ मेगाबाइटांचे, तर ९६,००० मापांचे व २४ बिटांचे सुमारे २,०७४ मेगाबाइटांचे. ग्राहक जागा तिप्पट देतो आणि घेतो कोरा कागद. मुक्ताईनगर तालुक्यातच, तापी-पूर्णेच्या संगमावर, चांगदेवाचे मंदिर आहे. त्याच्या कोऱ्या पत्रावर मुक्ताबाईंनी काय म्हटले ही आख्यायिका वाचकांस ठाऊक असल्याने तिचा विस्तार नको.

घराचा विचार केल्यास निवाडा आणखी स्पष्ट होतो. खानदेशातील उन्हाळ्यात पंखा किंवा कूलर बंद करून भजन ऐकणे अशक्यप्राय आहे. खोलीतील मूळ आवाज ४० डेसिबेलांचा धरला आणि सर्वांत मोठा आघात १०० चा धरला, तरी उपयोगात येणारे अंतर ६० चेच. शिवाय कीर्तनाच्या व्यासपीठावर सर्रास दिसणारा डायनॅमिक मायक्रोफोन सुमारे १५,००० आवर्तनांपुढे क्षीण होत जातो. टाळाचा वरचा नाद मुद्रणाच्या मापापाशी नव्हे, तर त्याच्या आधी, मायक्रोफोनच्या जाळीपाशीच अडतो. आणि आज बहुसंख्य घरांत दिंडीचे अभंग ऐकले जातात ते भ्रमणध्वनीवर, सीडीपेक्षाही कमी मापाच्या, संकोचित स्वरूपात. सीडीच्या वरचे आणि खालचे असे दोन वाद वास्तविक आहेत. चर्चा मात्र वरच्याचीच अधिक होते.

संग्रहालयाचा न्याय वेगळा असावा लागतो. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जुन्या तबकड्या व फिती अंकीय करताना किमान ४८,००० मापे व २४ बिट असावेत, आणि शक्यतो ९६,००० मापे घ्यावीत, अशी शिफारस केली आहे. ती रसिकाच्या कानासाठी नव्हे. फितीवरील सर्वांत मोठा आवाज कोठे येईल हे आधी कळत नाही, म्हणून मुद्रणकाराला मोकळी जागा लागते. आणि तबकडीवरील ओरखड्याचा कडकडाट वरच्या आवर्तनांत जितका स्पष्ट उतरेल तितका तो यंत्राला ओळखून काढून टाकता येतो. ऐकण्यासाठी ह्याच प्रतीवरून सीडीच्या मापाची प्रत काढली, तर काहीही बिघडत नाही.

मापापेक्षा व्याप्तीची उणीव अधिक जाणवते. हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या गेल्या. ध्वनिमुद्रण त्यांपैकी काही भागाचेच होऊ शकले. उरलेल्या ओव्यांत 'च' कसा उच्चारला गेला, हे कागदावरून सांगता येत नाही, आणि त्यासाठी १६ बिटही पुष्कळ झाले असते. पूर्व खानदेशात अजून घरोघर पडून असलेल्या १९८० च्या दशकातील कॅसेटींची गोष्ट तीच आहे. फितीवरील चुंबकीय थर व तिला चिकटविणारे द्रव्य जुने होत चालले असून, त्या वाजविणारी चांगली यंत्रेही दुर्मीळ होत आहेत.