दारूबंदी, कर आणि लोकमत

सरकारने नागरिकाच्या खासगी आयुष्यात किती लक्ष घालावे आणि त्याचा खर्च कोणाकडून वसूल करावा, हे दोन प्रश्न एरवी स्वतंत्रपणे चर्चिले जातात. महाराष्ट्रात दारूबंदीच्या निमित्ताने ते पहिल्यापासूनच एकमेकांत गुंतले आहेत. दारूवरील निर्बंधाला मिळणारा पाठिंबा आणि त्यासाठी कर भरण्याची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या राज्याच्या इतिहासात वारंवार दिसून आले आहे.

१९३९ची सुरुवात

बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. अबकारी खाते डॉ. मंचेरशा गिल्डर यांच्याकडे होते. अबकारी उत्पन्नावर पाणी सोडायचे तर पर्यायी महसूल उभा करणे भाग होते. त्यासाठी शहरी स्थावर मिळकतींवर वार्षिक भाडेमूल्याच्या दहा टक्के कर बसवण्यात आला आणि येथेच लोकमत दुभंगले. मद्यव्यवसायात मोठा वाटा असलेल्या पारशी समाजातून कडाडून विरोध झाला, तोही स्वतः पारशी असलेल्या मंत्र्याला. धर्माने मद्य निषिद्ध मानणाऱ्या मुस्लिम समाजातील मिळकतदारही या कराच्या विरोधात उभे राहिले. जी वस्तू आपण घेतच नाही, तिच्या बंदीचा भुर्दंड आपण का सोसावा, हा प्रश्न रास्तच होता. ताडी काढून पोट भरणाऱ्यांचा रोजगार गेला, तो भाग निराळा. सर बैरामजी जीजीभॉय यांनी कराला उच्च न्यायालयात आव्हान दिले; मात्र तेथे कर वैध ठरला.

कायदा आणि स्वातंत्र्य

स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ आला आणि एप्रिल १९५० मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. नव्या राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदात दारूबंदीचे मार्गदर्शक तत्त्व होते; त्याच घटनेने नागरिकाला मूलभूत हक्कही दिले होते. या दोहोंमधील पहिली मोठी झुंज म्हणजे बलसारा खटला. फ्राम नसरवानजी बलसारा या मुंबईकराने संपूर्ण कायद्यालाच आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये कायद्याचा गाभा कायम ठेवला. मात्र मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने बाळगण्यावरील बंदी अवाजवी ठरवली. मद्याची नुसती भलामण करणेही गुन्हा मानणारी तरतूद अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कसोटीवर टिकली नाही. थोडक्यात, पिण्यावर बंधन घालता येते, पण बोलण्यावर नाही.

कायदा टिकला, पण व्यवहार निराळाच झाला. प्रकृतीच्या कारणास्तव परवाना मिळत असल्याने डॉक्टरांच्या दाखल्यांना महत्त्व आले. ज्यांना परवाना परवडत नव्हता, त्यांच्यासाठी हातभट्ट्या आणि वस्त्यावस्त्यांतले गुत्ते होते. मुंबईतील संघटित गुन्हेगारीला याच धंद्याने भांडवल पुरवले. अखेर साठ-सत्तरच्या दशकांत धोरण शिथिल झाले आणि १९७३च्या नियमांनी देशी दारूला अधिकृत चौकट मिळाली. कायदा मात्र रद्द झाला नाही. त्याच्या नावातील ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले, इतकेच. त्यामुळे आजही कागदोपत्री मद्यप्राशनासाठी परवाना लागतो. अठराव्या वर्षी सरकार निवडणाऱ्या नागरिकाला कडक मद्यासाठी पंचविशीपर्यंत थांबावे लागते.

आडवी बाटली, उभी बाटली

लोकमताचे प्रत्यक्ष मोजमाप होते ते गावपातळीवर. २००८च्या आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील महिला गुप्त मतदानाने दारूचे दुकान बंद करवू शकतात. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात : आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे चालू. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागत असल्याने जी महिला मतदानाला येत नाही, तिचे मत जणू उभ्या बाटलीच्याच खात्यात जमा होते. मजुरी बुडवून रांगेत उभे राहणाऱ्या बाईला ही अट किती जाचक वाटत असेल, हे सांगायला नको. व्यक्तिस्वातंत्र्याचा युक्तिवाद येथे अपुरा पडतो. पिणाऱ्याचे स्वातंत्र्य घरातील पगार आणि बायकोची पाठ यांच्या मोबदल्यात उपभोगले जात असेल, तर तो केवळ त्याचा खासगी प्रश्न उरत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. महिलांच्या दीर्घ आंदोलनानंतर चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली. २०२१ मध्ये ती उठवली गेली. अवैध दारूचा सुळसुळाट आणि बुडणारा महसूल ही कारणे पुढे करण्यात आली. शेजारच्या गडचिरोलीत मात्र १९९३ पासूनची बंदी कायम राहिली.

तिजोरीचे गणित

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, पण पिण्याचे मद्य त्यातून वगळले गेले. राज्यांच्या हाती स्वतःहून दर ठरवता येतील असे जे मोजके कर उरले, त्यांत उत्पादन शुल्काचे स्थान म्हणूनच मोलाचे आहे. दर वाढवताना आरोग्याचे कारण दिले जाते. तिजोरीची गरज त्यामागे असतेच. कर फार वाढला की गरीब ग्राहक पुन्हा गावठी दारूकडे वळण्याचा धोका असतो. अशी दारू काय करते, हे विक्रोळीत २००४ मध्ये आणि मालवणीत २०१५ मध्ये दिसले. मालवणीत शंभराहून अधिक बळी गेले, तेही बंदी नसलेल्या मुंबईत.

निर्बंध हवेत की नकोत, याचे उत्तर प्रश्न कोणाला विचारला त्यावर अवलंबून असते. शहरी करदाता स्वातंत्र्याच्या बाजूने बोलतो, खेड्यातील गृहिणी बंदीच्या आणि अर्थखाते महसुलाच्या. १९३९च्या मंत्रिमंडळाने बंदीची किंमत निदान उघडपणे सांगितली होती आणि त्यासाठी रोषही पत्करला होता. आज बंदीची मागणी करणाऱ्यांनी पर्यायी कर कोण भरणार हे सांगायला हवे, आणि महसुलाचे कारण देणाऱ्या सरकारने त्या महसुलातून व्यसनमुक्तीवर किती खर्च केला, याचा हिशेब द्यायला हवा.