आडपडद्याचे शब्द

ज्या स्थळी प्रत्येक मनुष्यास प्रतिदिनी जावेच लागते, त्याचे नाव चार माणसांत उच्चारावयास मात्र कोणी धजत नाही, ही गोष्ट मोठी चमत्कारिक होय. आमच्या जुन्या पिढीची माणसे ‘बहिर्दिशेस’ वा ‘परसाकडे’ जात. म्हणजे ती केवळ दिशा सांगत, कार्य नव्हे. फारसीतून आलेल्या ‘पायखान्या’चा अर्थ पायांचे घर. जुन्या वाड्यांतील ‘शेतखान्या’चा तर शेताशी काडीचाही संबंध नाही, मूळ शब्द ‘सेहतखाना’, अर्थात आरोग्याचे घर! पुढे सार्वजनिक सोयी झाल्या, तेव्हा त्यांस ‘शौचकूप’ व ‘शौचालय’ म्हणू लागले. शौच म्हणजे शुचिता. तोही शब्द कानास खटकू लागताच ‘स्वच्छतागृह’ व ‘प्रसाधनगृह’ अशा पाट्या झळकल्या. सारांश, एक पडदा मळला की आम्ही दुसरा लावतो.

हा केवळ सभ्यतेचा विलास असता, तर आम्ही त्याचे कौतुकच केले असते. परंतु तेथील मैला डोक्यावरून वाहणाऱ्यासही आम्ही असाच एक भरजरी शब्द दिला. ‘मेहतर’ या फारसी शब्दाचा मूळ अर्थ श्रेष्ठ पुरुष! नाव श्रेष्ठाचे दिले आणि सावली मात्र टाळली. स्थळाची नावे पालटत गेली. टोपली उचलणारे हात तेच राहिले.

शब्दांचा हा मोह सोडून कामासच हात घालणारा एक पुरुष आमच्या कोकणात होऊन गेला. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मागितले. ते सवर्ण म्हणून त्यांस ते नाकारण्यात आले, तेव्हा त्यांनी अन्नत्याग आरंभिला. त्यांस पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनीही डिसेंबरात उपवास केला. पुढे अप्पासाहेबांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून सोप्या संडासांचा प्रसार केला. ध्यानात घ्यावे, त्यांस ‘संडास’ हा रोकडा शब्द उच्चारण्याची लाज वाटली नाही. लाज वाटली ती दुसऱ्याने आपला मैला उचलण्याची.

हाताने मैला उचलविणे १९९३ व पुन्हा २०१३ च्या कायद्याने निषिद्ध झाले. तथापि गटारांत उतरलेली माणसे गुदमरून मरतच आहेत. तेव्हा पाटीवर कोणता शब्द असावा हा वाद आम्हांस गौण वाटतो. त्या पाटीमागे कोण राबतो, हे विचारण्याची लाज ज्या दिवशी सरेल, त्या दिवशी कोणताही शब्द आम्हांस पुरेसा शुद्ध वाटेल.