आमची गाडी

* ‘आमची गाडी’ : म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंदमापी (२ फूट ६ इंच) ‘शकुंतला’. मूर्तिजापूर अकोला जिल्ह्यात, मुंबई-हावडा मुख्य मार्गावर. दारव्हा, कारंजा या भागांतला कापूस तिथे मोठ्या गाडीत चढवायचा, पुढे मुंबई बंदर आणि मग मँचेस्टरच्या गिरण्या, असा तिचा हिशेब होता. प्रवाशांची सोय हे तिचे मूळ काम नव्हेच. किलिक-निक्सन या ब्रिटिश पेढीने १९१० साली स्थापलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ती मालमत्ता. स्वातंत्र्यानंतरही तिचे राष्ट्रीयीकरण झाले नाही. गाडी रेल्वेने चालवायची आणि कंपनीला मोबदला द्यायचा, असा विचित्र संसार अनेक दशके चालला. लेखकाच्या लहानपणीचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेले. १९९४ मध्ये त्याच्या जागी डिझेल इंजिन आले.

यवतमाळ शहर पठारावर वसले आहे. जिल्ह्याच्या उत्तर-पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा. वणीकडे कोळसा आहे आणि तिकडची रेल्वेही त्याच्यासाठीच. कापूस असो वा कोळसा, रूळ माल बाहेर नेण्याच्या दिशेनेच पडले. जिल्ह्याचे ठिकाण मात्र ब्रॉडगेजपासून दूर राहिले. ‘यवतमाळला स्टेशन आहे, पण रेल्वे नाही’ ही लेखकाची तक्रार म्हणूनच अतिशयोक्तीची वाटत नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड या ब्रॉडगेज मार्गाचा वर्धा-कळंब हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. — संपा.