जायफळाच्या कॉफीने झोप लागते का?



आमच्या अंबडमध्ये कारखान्यांच्या तीन पाळ्या चालतात, त्यामुळे झोपेच्या तक्रारी दवाखान्यात नेहमीच्याच. त्यात एक संवाद वरचेवर होतो. मी विचारतो, "मावशी, संध्याकाळनंतर चहा-कॉफी घेता का?" उत्तर येतं, "चहा अजिबात नाही डॉक्टर. फक्त झोपताना कपभर कॉफी. पण जायफळ घालून हं!"

त्या "पण"मध्ये एक ठाम समजूत दडलेली आहे. कॉफी झोप उडवते, जायफळ झोप आणतं, म्हणजे हिशेब बरोबरीत सुटला! आज या समजुतीचा इतिहास आणि तिच्यामागचं शास्त्र पाहू.

जागं राहण्यासाठीच आलेलं पेय

कॉफीचं झाड मूळचं इथिओपियाचं. पण पेय म्हणून तिची पहिली भरवशाची नोंद मिळते ती येमेनमध्ये, पंधराव्या शतकात. तिथले सूफी साधक रात्रभर नामस्मरण करताना झोप येऊ नये म्हणून कॉफी पीत. म्हणजे जागरण हेच या पेयाचं पहिलं काम होतं.

पुढे ती जिथे गेली, तिथल्या स्वयंपाकघराने तिला आपलंसं केलं. अरबस्तानात हलक्या भाजलेल्या कॉफीत वेलची पडली. येमेनमध्ये बियांऐवजी कॉफीच्या फळाची वाळलेली सालं आल्याबरोबर उकळून 'किशर' नावाचं पेय करतात. इथिओपियाच्या काही भागांत कॉफीत साखरेऐवजी मीठ किंवा लोणी घालतात. आपल्याला नवल वाटेल, पण दुधाच्या कॉफीवर जायफळ किसणारे आपण त्यांनाही तितकेच नवलाचे वाटू!

भारतात कॉफी कशी आली याची परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट अशी, की सतराव्या शतकात बाबा बुदान हे सूफी संत हजहून परतताना सात बिया घेऊन आले आणि त्यांनी त्या कर्नाटकात चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या. त्या डोंगराला आजही त्यांचंच नाव आहे.

जायफळ आपल्याकडे आधीपासूनच होतं

जायफळाचं मूळ गाव इंडोनेशियातली बांदा बेटं. कित्येक शतकं जगाला जायफळ मिळे ते तिथूनच. या व्यापारासाठी युरोपियनांनी लढाया केल्या. 1667 च्या तहात इंग्रजांनी तिथल्या रन या चिमुकल्या बेटावरचा हक्क सोडला आणि अमेरिकेतलं मॅनहॅटन त्यांच्याकडे राहिलं. आज कोकणातही नारळ-सुपारीच्या बागांत जायफळाची झाडं दिसतात.

मराठी घरात जायफळाच्या दोन जागा ठरलेल्या. एक बासुंदी, श्रीखंड, पुरणपोळीत, आणि दुसरी बाळगुटीच्या सहाणेवर. आयुर्वेदानेही त्याला झोप आणणाऱ्या द्रव्यांत स्थान दिलं आहे. कॉफी घरात आली ती फार नंतर. माझा अंदाज असा, की दूध-साखरेच्या पदार्थाला जायफळ लावायचा आपला जुना शिरस्ता तिलाही लागू झाला. चव छान जमली, आणि चवीच्या मागोमाग गुटीतल्या जायफळाचा गुणही कॉफीला चिकटला.

शरीरात काय होतं?

दिवसभर आपल्या मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते मेंदूतल्या ठरावीक कुलपांत बसलं की झोप येते. कॅफीन त्या कुलपांत आधीच जाऊन बसतं. थकवा तसाच राहतो, पण मेंदूला त्याचा निरोप पोहोचत नाही.

चिमूटभर जायफळ या कॅफीनला तिथून हटवत नाही. जायफळाने माणसांना झोप लागते याचे ठोस पुरावेही नाहीत. आणि "मग जास्त घालू" असं कृपया करू नका. पाच ग्रॅम, म्हणजे साधारण एक अख्खं जायफळ, पोटात गेलं तर धडधड, तोंडाला कोरड, भ्रम असे विषारी परिणाम दिसू शकतात. तान्ह्या बाळाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जायफळ उगाळून देऊच नये.

कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफीन पहाटे तीनलाही रक्तात असतं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी 400 मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तरी झोप तासाभराहून जास्त घटली. आपल्या एका कपात कॅफीन याच्यापेक्षा बरंच कमी असतं, पण आपण ती घेतो अंथरुणावर पडायच्या अर्धा तास आधी!

मग फरक कशाने पडतो?

दोन गोष्टींनी. पहिली, चिकोरी. हे एक भाजलेलं मूळ, त्यात कॅफीन नसतं. 1806 नंतर नेपोलियनच्या व्यापारबंदीमुळे युरोपात कॉफी दुर्मीळ झाली, तेव्हा फ्रान्समध्ये चिकोरीचा वापर फोफावला. आपल्याकडे पोलसन हे नाव लोण्यामुळे आठवतं, पण मुंबईच्या पेस्तनजी एडलजींनी धंद्याची सुरुवात केली ती कॉफी दळून विकण्यापासून, आणि त्यांची चिकोरी मिसळलेली कॉफी प्रसिद्ध होती. आजही भारतात कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान 51 टक्के कॉफी असावी लागते. चिकोरी जितकी जास्त, तितकं कॅफीन कमी. पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं, ते वाचा.

दुसरी, गाळणी. 1983 मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉम्सो इथल्या संशोधकांना जास्त कॉफी पिणाऱ्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल जास्त आढळलं. तिथे कॉफीपूड पाण्यात उकळून, न गाळता पिण्याची पद्धत होती. पुढे कळलं, की कॉफीच्या तेलातलं कॅफेस्टॉल हे द्रव्य त्याला कारणीभूत आहे. कागदी फिल्टर ते बऱ्याच अंशी अडवतो. जर्मनीतल्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने तो 1908 मध्ये शोधला होता, तोही मुलाच्या वहीतल्या टिपकागदापासून आणि केवळ कडवटपणा टाळण्यासाठी! इन्स्टंट कॉफीत कॅफेस्टॉल नगण्य असतं. पूड उकळून स्टीलच्या गाळणीने गाळलेल्या कॉफीत ते जास्त उतरतं. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल, तर अशी कॉफी रोज चार-पाच कप नको.

थोडक्यात

- जायफळाची कॉफी चवीसाठी जरूर प्या, पण सकाळी किंवा दुपारी.
- निजायच्या वेळी जायफळ हवंच असेल तर नुसत्या कोमट दुधात चिमूटभर घाला. कॉफी नको.
- रात्रपाळीला कॉफी पाळीच्या सुरुवातीला घ्या, शेवटच्या काही तासांत टाळा. नाहीतर सकाळी घरी जाऊन झोप लागत नाही. डोळ्यांवर झापड असताना "कॉफी घेतली आहे" या भरवशावर गाडी चालवू नका.
- गरोदरपणी कॅफीन शरीरात जास्त वेळ टिकतं. दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत राहा, आणि त्यात चहाही मोजा.
- लोहाची गोळी कॉफीबरोबर घेऊ नका, निदान तासाभराचं अंतर ठेवा.

रात्रीची कॉफी दोन आठवडे बंद करून पाहा. तरीही झोप येत नसेल, तर दवाखान्यात या. कारण मग कपाच्या बाहेर शोधावं लागेल.