गांजा, गाडी आणि १८९४

परवा खोडदची दुर्बीण बघून परतताना गाडीत वाद पेटला: गांजा कायदेशीर करावा का? मंडळी, हा वाद १३० वर्षं जुना आहे! ब्रिटिश संसदेत ओरड झाली म्हणून सरकारने १८९३ मध्ये आयोग नेमला. सात सदस्य, पैकी तीन भारतीय, ११९३ साक्षीदार. निष्कर्ष? बेताने घेतल्यास फारसा अपाय नाही, अतिरेक वाईट. सरसकट बंदी नको, कर आणि परवाने ठेवा.

पुढे १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९८५ च्या केंद्रीय कायद्याने गांजा देशभर गुन्हा ठरला. पानांची भांग त्यातून सुटली. महाराष्ट्रात मात्र तिला १९४९ चा दारूबंदी कायदा आहेच.

माझं मत? बंदी हवी की नको ते नंतर भांडू. आधी त्या आयोगासारखं गावोगावी विचारा तरी!